जालन्याच्या ओळीत आम्ही दोघंच

दर सोमवारी सकाळी साहेब माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसायचे आणि आम्ही मिळून रिपोर्ट बघायचो. आमची बियाण्यांची कंपनी, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत. कंपनीची वेबसाइट मी सांभाळते. दर आठवड्याला शेतकऱ्यांसाठी एक सल्ला लिहायचा, साइटवर टाकायचा, त्याची लिंक व्हॉट्सअॅपवर पाच-दहा ठिकाणी पाठवायची. मग सोमवारी बघायचं की कोण आलं, कुठल्या गावाहून आलं, किती वेळ थांबलं. रिपोर्टात गावांची यादी येते. सगळ्यात वर मुंबई. तिच्याखाली पुणे, नागपूर, कधी हैदराबाद. जालना पार तळाला, आणि त्या ओळीत दोनच जण. ते दोघं कोण हे मला न बघता माहीत होतं. एक मी, एक साहेब, ऑफिसच्या वायफायवरून.

साहेबांना याचं वाईट वाटायचं नाही. उलट नकाशात मुंबईवर भलंमोठं निळं वर्तुळ दिसलं की त्यांची छाती फुगायची. "बघा, मुंबई वाचून राह्यली आपल्याला," ते म्हणायचे. मी विचारायचे, "साहेब, मुंबईला बोंडअळीचं काय काम?" त्यावर त्यांचं उत्तर तयार असायचं. मोठे व्यापारी असतील, कंपन्यांची माणसं असतील. एकदा तर मुंबईकरांसाठी साइटचा इंग्रजी भाग काढायचंही त्यांच्या मनात आलं होतं.

मला मात्र त्या रिपोर्टाचा राग यायचा. मी बदनापूरला शेतीचं शिकले, रोज जालन्याहून रेल्वेनं जाऊन येऊन. लिहायचं होतं ते आपल्या माणसांसाठी. खोलीत बसून दोन-दोन दिवस शब्द शोधायचे, पुस्तकी वाक्यं मोडून सोपी करायची, आणि वाचणार कोण, तर मुंबई. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी दर सोमवारी डोळ्यांनी बघत होते.

लिंक मी सगळ्यात आधी मामाला पाठवायचे. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, कुंभार पिंपळगावचा. बारावीनंतर मी शेतीला जाते म्हटल्यावर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली, तेव्हा मामाच येऊन बाबांसमोर बसला होता. "शिकू द्या तिला. आमच्या कामाला येईल," म्हणाला होता. त्यामुळे पहिली लिंक त्याची. पाठवली की दोन मिनिटांत हात जोडलेलं चित्र यायचं, एवढंच. पुढं ना प्रश्न, ना शंका. मी आईला म्हणायचे, "तुझा भाऊ वाचत-बिचत काही नाही. देवळावरून जाताना हात जोडतात तसे नुसते जोडतो." आई म्हणायची, "वाचत असेल गं." मी म्हणायचे, "त्या बाजूचं एक माणूस दिसत नाही रिपोर्टात. रिपोर्ट खोटं बोलतो का?"  शिकलेल्या लेकीपुढं आई काय बोलणार.

त्या वर्षी पावसाळा सरताना मी मोसंबीच्या फळगळीवर लिहिलं. फळं गळू नयेत म्हणून एक संजीवक फवारतात. झाडाच्या वाढीला वळण देणारं हे औषध अगदी चिमटीत मावेल एवढंच लागतं. माहितीपत्रकात त्याचं प्रमाण शंभर लिटर पाण्याला दिलं होतं. पण आमच्याकडे लहान बागेवाला शंभर लिटरच्या भाषेत बोलत नाही. तो पाठीवरच्या पंपाच्या भाषेत बोलतो. पंपाला किती, एवढंच विचारतो. म्हणून मी पंपाला किती ते लिहायला बसले. शब्द बदलला आणि आकडा बदलायचा राहिला. शंभर लिटरचं औषध मी एका पंपाला लिहिलं. पंपात पाणी मावतं पंधरा-सोळा लिटर. म्हणजे सहापट औषध. शिकलेल्या बाईची चूक, सोपं करून सांगायच्या हौसेतून झालेली.

पान नऊ दिवस तसंच राहिलं. दहाव्या दिवशी पुढचा लेख लिहिताना मागच्याचा दुवा द्यायला म्हणून मी ते उघडलं आणि चूक दिसली.  आधी आकडा दुरुस्त केला. मग रिपोर्ट उघडला आणि त्या एका पानावर कोण कोण आलं ते काढलं. मुंबई, मुंबई, पुणे, मुंबई, नागपूर. जालन्याच्या ओळीत आम्ही दोघंच. अंबड नाही, घनसावंगी नाही, जिल्ह्यातलं एकही गाव नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या तळाच्या ओळीकडं बघून मला बरं वाटलं.

मी जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. लपवलं नाही. त्यांनी यादी बघितली, कपाळाला हात लावला, पुन्हा यादी बघितली आणि हसले. "मुंबईत कुणाच्या गॅलरीत मोसंबीची बाग हाय का?" मीही हसले. मी विचारलं, "तरी पण ग्रुपवर एक सूचना टाकू का? आधीचं प्रमाण चुकलं होतं, फवारू नका, अशी?" ते म्हणाले, "ज्यानं वाचलंच न्हाई त्याला कशाला सांगता? उगी बोभाटा होईल." त्यांचं म्हणणं मला पटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. ते मला हवं होतं. मला कुणीतरी तसं म्हणायलाच हवं होतं.

हा झाला गुरुवार. मामानं शनिवारी फवारलं.

आठवड्यानं त्याचा फोन आला. नेहमीचं ख्यालीखुशालीचं झाल्यावर म्हणाला, "बाई, झाडाची पानं आवळून राह्यली. द्रोणावाणी वळली सारी. फळाचा तर खालती सडा पडला. काय करावं?" मी विचारलं, काय फवारलं. "तुझंच की. तुझं आल्तं ना ते फळगळीचं." मी खुर्चीचा हात धरून बसले. किती टाकलंत हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले. मामाची बाग लहानच, गावाबाहेर ओढ्याच्या वरच्या अंगाला. त्यानं ती झाडं एकेक करून जगवलेली. एका उन्हाळ्यात घागरींनी पाणी घालून. बांधाला लागून आणखी दोन बागा आहेत, दोन भावांच्या. तिन्ही बागांची पानं सारखीच वळलेली होती. तुरीचं हिरवं शेत ओलांडून गेलं की तेवढाच तुकडा आजारी दिसत होता. मी एक पान तोडून हातात धरलं आणि ते सरळ करत राहिले. ते होत नव्हतं.

मामीनं मला तिथं सांगितलं ते मला आधीच माहीत असायला हवं होतं. दर बाजारच्या दिवशी मामा खताच्या दुकानाच्या पायरीवर बसतो, चष्मा लावतो आणि माझा लेख मोठ्यानं वाचतो. आजूबाजूला दहा-पंधरा माणसं असतात. त्यातल्या निम्म्यांच्या हातात फोन असतो, वाचताही येतं. पण ऐकायचं ते मामाकडून. मध्ये थांबवून शंका विचारायच्या, मामानं आपल्या अनुभवावरून उत्तरं द्यायची. औषधाचं प्रमाण आलं की मामा ते खिशातल्या डायरीत बॉलपेननं लिहितो आणि बाकीचे डायरीवरून उतरवून घेतात. "भाचीचं हाय, बिलकुल डोळे झाकून करा," असं वर सांगतो. माझ्या रिपोर्टात हे सगळं मिळून एक माणूस होतं.

तेवढ्यात मामा आला. माझ्याशी नजर न भिडवता म्हणाला, "माझीच चुकी झाली बाई. बराबर उतरलं न्हाई मी." त्यानं डायरी दाखवली. त्यात माझाच आकडा होता, जसाच्या तसा. मग त्यानं खिशातून फोन काढला. "अन् हे बघ तुझं. तू तर बराबरच लिव्हलेलं हाय." दुरुस्त केलेलं पान त्यानं माझ्यापुढं धरलं. मी गुपचूप केलेली दुरुस्ती त्यानं आधीच बघितली होती आणि स्वतःलाच दोषी ठरवून मोकळा झाला होता.

त्या क्षणी मी काय करावं? मी माझा फोन काढला. आत्ता या घटकेला साइटवर कोण आहे हे दाखवणारा एक कोपरा रिपोर्टात असतो. तो उघडला. एक जण होता. गाव, मुंबई. मी मामाला म्हटलं, जरा बंद करून परत उघडा. त्यानं केलं. मुंबईचा ठिपका विझला आणि परत लागला. मोसंबीच्या झाडाखाली, माझ्यापासून दोन हातांवर, मुंबई उभी होती, धोतर-टोपीतली.

याचं कारण मी नंतर नीट वाचून घेतलं. ते अवघड नव्हतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यातच वाचायला हवं होतं. मोबाइलचं इंटरनेट गावातून निघतं, पण जगात बाहेर पडतं ते कंपनीच्या कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या दारातून. रिपोर्टाला माणूस दिसत नाही, दार दिसतं. भोकरदनचा माणूस संभाजीनगरच्या बसमधून उतरला म्हणून त्याला संभाजीनगरचा म्हणावं, तसंच. आणखी एक रकाना असतो, पाहुणा कशावरून आला याचा. मामाच्या त्या भेटीपुढं तिथं 'थेट' असं होतं, म्हणजे कुणी न पाठवता आपणहून आलेला. लिंक मी स्वतः पाठवली होती, माझ्या सख्ख्या मामाला.

पण मुंबई म्हणजे मामाच, एवढं मला तिथं उभ्या उभ्याच कळलं, आणि तरी चूक माझी होती हे मी सांगितलं नाही. पाणी भरपूर द्या, महिनाभर दुसरं काही फवारू नका, नवी फूट येईल, असं तज्ज्ञासारखं सांगितलं. मामा मान डोलावत होता. बांधावरून शेजारचा थोरला भाऊ ओरडून म्हणाला, "म्हाताऱ्याला दिसत न्हाई अन् वाचायला बसतो. सांगा तुमच्या मामाला, नातवंडं खेळवा म्हणा." मामानं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. मी दुपारच्या एसटीनं परत आले.

पंधरा दिवसांनी मामा जालन्याला आला. डोळे दाखवायला. मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, भिंगं बदलून बघितली आणि म्हणाले, "नंबर बिलकुल बदललेला नाही काका. आहे तोच चष्मा राहू द्या." मला वाटलं मामा खूश होईल. तो बाहेर येऊन बाकावर बसला आणि उठेचना.

"डोळे बराबर हायत," तो म्हणाला. "मंग ते सहापट कसं झालं?"

मी त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"मागल्या महिन्यात मी मोटर बंद करायची इसरून आल्तो. मामीला सांगितलं न्हाई. तुझ्या आज्याचं, आबाचं, असंच चालू झाल्तं. पहिले मोटर इसरायचे, मंग वाट इसरायचे, शेवटी मला वळखत नव्हते." तो आपल्या दोन्ही हातांकडं बघत होता. "माझंबी चालू झालं वाटतं, बाई."

तिथं मात्र मला राहवलं नाही. मी सांगितलं की तुमचं काही चुकलं नाही, मीच तसं लिहिलं होतं, तुम्ही उतरवलं ते बरोबर उतरवलं, मी नंतर बदललं. बोलताना रडू आलं. मामा माझ्याकडं बघत राहिला आणि मग मी कधीच विसरणार नाही अशी गोष्ट झाली. तो हसला. खुलून हसला. "म्हंजे माझं डोकं बराबर हाय?" म्हणाला. बाग गेल्याचं, गावात हसं झाल्याचं त्याच्या मनातही आलं नाही. डोकं जाग्यावर आहे, एवढंच त्याला पुरे होतं.

एसटी स्टँडवर त्यानं मला बजावलं. "हे कुणाला बोलायचं न्हाई. मी म्हातारा माणूस. माझं चुकलं म्हणले तर काय बिघडतं? तुझं चुकलं म्हणले तर पुन्हा तुझं कोण वाचंल?" मी मान हलवली. त्याला बसमध्ये बसवून दिलं. फवारणीच्या दोन दिवस आधी मला चूक कळली होती, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. अर्धं खरं बोलून मी हलकी होऊन घरी गेले, आणि तो हलकेपणा चार दिवसही टिकला नाही.

दिवाळीनंतर मामीचा आईला फोन आला. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "हल्ली बाजारात जातेत अन् भाजी घेऊन लगेच वापस येतेत. पायरीवर बसत न्हाईत. कुणी बस म्हणतच न्हाई." मी शेजारी बसून ऐकत होते. मी लिंक पाठवतच होते, आणि हात जोडलेलं चित्र येतच होतं. रिपोर्टात मुंबईचं वर्तुळ आठवड्या-आठवड्याला लहान होत गेलं. साहेब हळहळले, म्हणाले, मुंबईचा रस गेला वाटतं. मी त्यांना समजावून सांगितलं की ती मुंबई कुठली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि नकाशा बंद केला.

मग मी खुलासा लिहिला. साहेबांना न विचारता. त्या पानावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, की आधीचं प्रमाण चुकीचं होतं, चूक लिहिणाऱ्याची आहे, वाचणाऱ्याची नाही. ग्रुपांवर पाठवला. सोमवारी रिपोर्ट उघडला. त्या पानावर दोघं जण आलेले होते, जालन्याच्या ओळीतले. नेहमीप्रमाणे एक मी आणि एक साहेब.

माझी चूक गावात मामाच्या तोंडून गेली होती. खुलासाही तोंडानंच जायला हवा होता, आणि आता मामाच्या तोंडून कुणी काही ऐकत नव्हतं. तेव्हा पुढच्या बाजारच्या दिवशी मी रजा टाकली आणि कुंभार पिंपळगावला गेले. घरी जाऊन मामाला म्हटलं, चला, जरा दुकानापर्यंत. त्याला वाटलं मला काही घ्यायचं आहे.

दुकानापुढं माणसं होतीच. ते दोघे भाऊही होते. मी पायरीवर चढले आणि बोलायला लागले.  मी सांगितलं की मामांनी जसं होतं तसंच वाचलं आणि तसंच लिहून घेतलं, आकडा माझा चुकला होता. "तुमच्या बागा माझ्यामुळं गेल्या. यांच्यामुळं नाही."

 मग थोरला भाऊ म्हणाला, "झालं ते झालं. चुकी होती माणसाकडून. तुला तरी कधी कळलं? पानं वळल्यावरच ना?"

त्याला मला सोडवायचंच होतं. हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. मामा माझ्याकडं कौतुकानं बघत होता. मला वाटतं, त्या दिवशी तो सकाळपेक्षा दोन बोटं उंच झाला होता.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही फवारायच्या दोन दिवस आधी कळलं होतं."

मग मी रिपोर्टाचं सांगायला लागले. वाचणारे सगळे मुंबईचे दिसत होते, इकडचं कुणी दिसत नव्हतं, म्हणून वाटलं की इथं कुणी वाचलंच नाही, म्हणून सूचना टाकली नाही. माझ्याच कानाला ते भलतंच वाटत होतं. एक जण म्हणाला, "मुंबईचं काय सांगून राह्यली ही?" थोरल्या भावानं मान फिरवली आणि रस्त्याकडं बघत उभा राहिला.

मी मामाकडं बघितलं. तो पायरीवर बसला होता, त्याच्या नेहमीच्या जागी. कौतुक गेलं होतं. रागही नव्हता. राग असता तर मला सोसला असता. त्यानं खिशातून फोन काढला आणि नुसता हातात धरला.

"त्यायचं जाऊ दे," तो हळूच म्हणाला. "मुंबईचंबी जाऊ दे. पर मला तर एक फोन करायचा होतास ना, माय."